पेलेल तीच रायफल

मोठ्या जनावराच्या शिकारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जोरदार रायफल कुठली? माझा भाचा नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला स्थायिक झाला आहे. तिकडं आफ्रिकन रानरेड्याची शिकार परवाना काढून, कायद्याच्या चौकटीत करता येते. बरोबरच्या लोकांनी त्याला बोलावलं, तसा त्याचा फोन आला, "मामा, पैशाचा विचार करू नका. सगळ्यात दणदणीत कुठली ते तेवढं सांगा."

फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. शिकार करावी की करू नये, यावर माणसं भांडतात आणि त्यांनी भांडावं. पण जिथं ती होते, तिथं जनावराला झटपट मरण मिळालं पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. रायफल निवडायची ती या एका गोष्टीवर नजर ठेवून. बाकी सगळं त्यानंतर.

कोल्हापुरात माझं बंदूकदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. दाजीपूरचं जंगल एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते अभयारण्य झालं, म्हणून आज तिथं गवा दिसतो. पण त्या काळातल्या रायफली जुन्या वाड्यांच्या कपाटांतून अजून निघतात. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळं आजोबांची कुठली ठेवायची आणि कुठली जमा करायची, हे विचारायला लोक येतात. अशा रायफली खोलता-जोडताना त्यांच्यामागचा विचार मला कळत गेला.

तोळ्यांचा हिशेब

काडतुसातल्या गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १८० ग्रेनचा बरोबर एक तोळा होतो, त्यामुळं आपल्याला हा हिशेब सोपा जातो.

हरणासारख्या जनावरासाठी जगभर चालणारं काडतूस म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स. त्याची नेहमीची गोळी १८० ग्रेनची, एक तोळ्याची, आणि ती सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं सुटते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ साली .३७५ मॅग्नम काढलं. त्याची ३०० ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांना जरा कमी भरते, वेग ७६० मीटर. त्याच्या आदल्या वर्षी रिग्बी या दुसऱ्या बंदूकवाल्यांनी .४१६ आणलं होतं: ४१० ग्रेन, म्हणजे सव्वादोन तोळे, वेग ७२० मीटर. .४७० नायट्रो एक्सप्रेसची गोळी ५०० ग्रेनची, पावणेतीन तोळ्यांची. वेग ६५५ मीटर. आणि .६०० नायट्रो एक्सप्रेसची गोळी चक्क पाच तोळ्यांची. नावातला आकडा ढोबळमानानं नळीचा व्यास सांगतो, इंचाच्या भागात.

याच्याही आधी, काळ्या दारूच्या जमान्यात, शिकारी फोर-बोअर वापरत. एक पौंड शिशाचे चार गोळे पाडले तर त्यातला एक गोळा जिच्या नळीत बसेल ती फोर-बोअर. म्हणजे एकेक गोळा पावणेदहा तोळ्यांचा! काळी दारू गोळीला फार वेग देऊ शकत नाही, म्हणून सगळी भिस्त वजनावर. फ्रेडरिक सेलूस या नावाजलेल्या शिकाऱ्यानं तरुणपणी असल्या बंदुकांनी हत्ती मारले आणि त्यांच्या धक्क्यानं आपल्या नेमावर कायमचा परिणाम झाला, असं तो पुढं सांगत असे.

कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि चित्र पालटलं. रिग्बीनं १८९८ साली .४५० नायट्रो एक्सप्रेस बाजारात आणलं. गोळी ४८० ग्रेनचीच, पण वेग इतका की ती जुन्या जाडजूड गोळ्यांपेक्षा कितीतरी खोल जाऊ लागली. रायफलीचं वजन घटलं, धूर गेला, दुसरा बार लगेच टाकता येऊ लागला.

इथं खोली हा शब्द महत्त्वाचा. रानरेडा सहाशे-सातशे किलोंचा, क्वचित त्याहून जड. कातडी जाड, खांद्याचं हाड भक्कम, आणि हृदय छातीत बरंच खाली, पुढच्या पायांच्या रेषेत. हत्तीची तऱ्हा आणखी वेगळी. कवटीचा दर्शनी भाग पोकळ कप्प्यांच्या हाडाचा आणि मेंदू त्यामागं दडलेला. गोळी तिथवर सरळ पोचली तरच उपयोग. वजन तेच ठेवून गोळी बारीक आणि लांब केली की ती जास्त खोल शिरते. दाभण गोणपाटातून आरपार जातं, अंगठा जात नाही, तसंच हे. म्हणून नुसती जाडी बघून रायफल निवडू नये. जाडीच्या मानानं गोळीला पुरेसं वजन आहे का, तेही बघावं. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी शंभर वर्षांनंतरही टिकून आहे, कारण तिच्यात हे प्रमाण उत्तम साधलं आहे.

जॉन टेलर या आफ्रिकेतल्या शिकाऱ्यानं १९४८ च्या आपल्या पुस्तकात एक साधं गणित मांडलं. ग्रेनमधलं वजन, फुटांमधला वेग आणि इंचांमधला व्यास यांचा गुणाकार करायचा आणि ७००० नं भागायचं. .३७५ ला साधारण ४० येतात, .४१६ ला ५७-५८ आणि .४७० ला ७३. गोळी मर्मावर न लागता जवळपास लागली, तर जनावराला किती हादरा बसेल याचा अंदाज यातून येतो. पण गोळी किती खोल जाईल हे त्यातून कळत नाही. खुद्द टेलर .३७५ चा मोठा चाहता होता.

दुसरं टोक म्हणजे कॅरामोजो बेल. या स्कॉटिश शिकाऱ्यानं हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक .२७५ रिग्बीनं. आपल्या जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली भेट मिळाली, ती याच जातीची रायफल. तिची गोळी तोळाभरही नाही! बेलनं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं असतो ते पाहिलं होतं, आणि जनावराच्या कुठल्या अंगाला उभं राहून नेम धरायचा हे त्याला पाठ होतं. कॉर्बेटनंही अवघड डोंगरांत हलकी .२७५ जवळ केली, पण मोठ्या वाघासाठी त्याच्याकडं .४५०/४०० ची दुनळी होती. बेलचं उदाहरण देऊन आज कुणी रानरेड्यासमोर बारीक रायफल नेऊ म्हणेल, तर ते चूक. अनेक आफ्रिकी देशांत अशा जनावरांसाठी किमान .३७५ चं बंधनच आहे. मात्र नेमकी जागा माहीत असणं हे जाड नळीपेक्षा मोलाचं आहे, हा बेलचा धडा खरा.

हिंदुस्थानातला १९०७ चा हुकूम

या सगळ्या इतिहासात आपल्या देशाचा हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मार्टिनी-हेन्री ही फौजेची जुनी रायफल .४५० ची होती आणि वायव्य सरहद्दीवर ती बंडखोरांच्या हातांत पडलेली होती. शिकारीच्या काडतुसातली गोळी काढून त्या रायफलीसाठी वापरता येईल, या धास्तीनं ब्रिटिश सरकारनं १९०७ साली हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी घातली. हिंदुस्थान ही लंडनच्या बंदूकवाल्यांची मोठी बाजारपेठ. त्यांनी लगोलग नळीचा व्यास किंचित वाढवून नवी काडतुसं पुढं आणली: .४६५, .४७०, .४७५, .४७६. जोर जवळजवळ तेवढाच, फक्त बंदीतून सुटलेला. आज आफ्रिकेत दुनळी रायफल म्हटलं की .४७० चं नाव आधी येतं, त्याच्या मुळाशी कलकत्त्याच्या सरकारचा हुकूम आहे. आपल्याकडं अजून चालणारी .३१५ रायफलही अशाच विचारातून आली: फौजेच्या .३०३ ची काडतुसं तिच्यात चालू नयेत.

म्हणूनच कपाटातून निघालेली जुनी रायफल हाती आली की पहिलं काम तिचं काडतूस ओळखायचं. चुकीचं काडतूस घालणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यासाठी आम्ही गंधकाचा ठसा घेतो. नळी साफ करायची, काडतुसाच्या घरात तेलाचा पुसट हात फिरवायचा, पुढं चिंधीचा बोळा घट्ट बसवायचा. गंधक मंद आचेवर वितळवायचं. पिवळसर, पाण्यासारखं पातळ झालं की ओतायचं. आच जास्त झाली तर ते काळपट आणि घट्ट होतं, मग ठसा बिघडतो. थंड झाल्यावर पुढून गजानं हलकेच ढकललं की काडतुसाच्या घराची हुबेहूब प्रतिकृती हातात पडते. मग मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून आट्यांचं माप घ्यायचं.

एका दुनळीचा असा ठसा निघाला तो सव्वातीन इंचांचा, मानेशी आवळलेला, शिशाचं माप .४७५ इंच. नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावरचा मळ काढला तर अक्षरं दिसली: कॉर्डाइट ७५-५००. म्हणजे ७५ ग्रेन दारू आणि ५०० ग्रेनची गोळी. .४७० नायट्रो एक्सप्रेस! मालकांना एवढंच माहीत होतं की ही पणजोबांची वाघाची बंदूक.

बोल्ट की दुनळी

मोठ्या रायफलीत दोन घराणी आहेत: दुनळी, आणि दांडा मागं-पुढं ओढून काडतूस भरायची बोल्ट रायफल. दुनळीत दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा. एक अडली तरी दुसरी चालते आणि दुसरा बार बोट हलवण्याएवढ्या वेळात निघतो. बोल्टची लांबी वाचते, म्हणून तेवढ्याच नळीची दुनळी आखूड पडते आणि झाडोऱ्यात चटकन खांद्याला येते. दहा-पंधरा पावलांवरून अंगावर येणारं जनावर थांबवायला तिच्यासारखं हत्यार नाही.

पण दुनळी महाग का, ते समजून घ्यायला हवं. दोन्ही नळ्या समांतर नसतात, तोंडाकडं त्या किंचित जवळ येतात. उजवी झाडली की रायफल वर आणि उजवीकडं उसळते, डावी झाडली की डावीकडं. तरीही दोन्ही गोळ्या पन्नास ते शंभर यार्डांवर एकाच जागी पडाव्यात, म्हणून कारागीर प्रत्यक्ष बार टाकून पाहतो, डाक वितळवतो, तोंडाशी बसवलेली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा डाक देतो आणि पुन्हा बार टाकतो. हे जुळेपर्यंत चालतं, आणि तेही एकाच ठरावीक काडतुसासाठी. दारू किंवा गोळी बदलली की दोन नळ्या दोन दिशांना मारतात. लंडनच्या नामांकित घराण्यांची नवी दुनळी लाख पौंडांच्या वर जाते ती या हातकामामुळं.

बोल्ट रायफल त्या मानानं स्वस्त, मजबूत आणि लांबवर नेमकी. तिच्यात बघायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे काडतूस पकडणारा पंजा. पॉल माऊझरच्या १८९८ च्या रचनेत काडतूस मॅगझीनमधून वर आलं की त्याच क्षणी लांब पोलादी पंजा त्याची कड धरतो आणि रिकामं होऊन बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. घाईत माणूस बोल्ट अर्धाच ओढून पुढं ढकलतो. साध्या रचनेत अशा वेळी एक काडतूस आत राहतं आणि मागून दुसरं येऊन अडकतं. समोर रानरेडा असताना हे परवडणारं नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. इतका मोठा धक्का कुंद्यात नेमक्या जागी पेलला गेला नाही, तर बोल्टच्या मागं केसाएवढी चीर पडते. तेल लावलेल्या अक्रोडाच्या लाकडावर ती नजरेला पडत नाही. मी खडूची पूड चोळून पुसतो, म्हणजे चिरेत पांढरी रेघ राहते. विकत घेताना कुंद्यातून आडवे पोलादी बोल्ट टाकलेले आहेत का, ते जरूर पाहावं.

आणखी एक नाव ऐकू येतं ते .४५८ विंचेस्टर मॅग्नमचं. दुनळ्या महागल्या म्हणून १९५६ साली हे काडतूस आलं. ५०० ग्रेनची गोळी साध्या बोल्ट रायफलीतून मारता येऊ लागली. पण काडतुसाची पुंगळी आखूड असल्यानं दारू दाबून भरावी लागे. ती कधी कधी गठ्ठा होऊन नीट जळत नसे आणि गोळी मंद जाई. जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्यानं जबर जखमी केलं. पुढं त्यानं पुंगळी लांबवून .४५८ लॉट तयार केलं. आज दारूत सुधारणा झाली आहे, तरी लॉटला पसंती देणारे पुष्कळ.

गोळी आणि खांदा

रायफलीवर महिनोन्‌महिने खल करून गोळी मात्र दुकानदार देईल ती घेणारी माणसं असतात. खरं काम गोळी करते. एक जात मऊ टोकाची: आत गेल्यावर फुलते आणि रुंद जखम करते. दुसरी सॉलिड: आकार न बदलता सरळ जाते. हत्तीला सॉलिडच लागते. रानरेडा कळपात उभा असेल तर सॉलिड त्याच्या आरपार जाऊन मागच्याला जखमी करू शकते, म्हणून पहिली गोळी फुलणारी, पण न फुटणारी हवी. आता अखंड तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या फुलूनही वजन टिकवतात. पहिल्या बारानंतर जनावर पाठ फिरवून निघालं की पुढच्या गोळ्या सॉलिड, कारण आता मागून पुढंपर्यंत पोचायचं असतं.

राहिला खांदा. थर्टी-ऑट-सिक्सच्या दुप्पट धक्का .३७५ ला बसतो आणि पाच किलोंच्या .४७० ला तिप्पट. मी भाच्याकडं गेलो तेव्हा आम्ही शहराबाहेरच्या रेंजवर दोन्ही भाड्यानं घेतल्या. त्याला आधी .४७० हवी होती. काठ्यांच्या तिवईवर नळी टेकवून त्यानं उभ्यानं बार टाकला. पहिला ठीक गेला, पुढचे भरकटत गेले. मग मी त्याच्या नकळत एका नळीत डमी काडतूस घातलं. त्यानं चाप ओढला, बार झालाच नाही, पण नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं आणि डोळे गच्च मिटले.

"मामा, हे मला कळलंच नाही," तो म्हणाला.

"अरे, कुणालाच कळत नाही. अंगच ठरवतं," मी म्हटलं.

धक्क्याची धास्ती शरीर साठवून ठेवतं आणि चाप ओढण्याआधीच नेम मोडतं. दुपारी त्यानं .३७५ घेतली, आणि तिवईवरून त्याच्या गोळ्या वीतभर जागेत पडू लागल्या. रानरेड्याच्या हृदय-फुप्फुसाची जागा त्याहून मोठी असते.

आफ्रिकेत पाहुण्या शिकाऱ्याबरोबर व्यावसायिक शिकारी असतोच. त्याच्या हातात .४५८, .४७० किंवा .५०० असते, कारण बिथरलेल्या जनावराला थांबवणं हे त्याचं काम. पाहुण्याचं काम वेगळं: पहिली गोळी बरोबर घालायची. ती चुकली तर जखमी रानरेडा दाट झुडपात जातो, आणि त्याच्या मागावर व्यावसायिक शिकारी आणि माग काढणारे स्थानिक गडी जीव मुठीत धरून शिरतात. दुसऱ्याचा जीव आणि जनावराचे हाल, दोन्ही एका चुकलेल्या बारावर अवलंबून असतात.

म्हणून माझा सल्ला असा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं .३७५ घ्यावी. अंगानं मजबूत आणि सराव असलेल्यानं .४१६. माऊझर पंजाची बोल्ट रायफल, वजन चार ते साडेचार किलो, कुंद्याची लांबी आपल्या हाताच्या मापाची, मागं चांगलं रबर. वर कमी ताकदीची दुर्बीण, डोळ्यापासून निदान चार इंच लांब, नाहीतर धक्क्याला तिची कड भुवई फोडते. सरावाचा मोठा भाग हलक्या रायफलीनं करावा आणि मोठीचे थोडेच बार टाकावेत, पण उभ्यानं, तिवईवरून, आणि दुसरा बार लगेच टाकायचा आहे असं धरून बोल्ट पूर्ण ओढत. रानात साठ-सत्तर पावलांपलीकडं मोह आवरावा.

आणि जनावर तिरकं उभं असेल, मध्ये फांदी असेल, दम लागून हात हलत असेल, तर रायफल खाली घ्यावी. भाच्याला मी हे सगळ्यात शेवटी सांगितलं आणि त्याच्याकडून शब्द घेतला. आपल्याला खात्री नसताना चाप ओढायचा नाही. मोठी रायफल विकत घ्यायला पैसे पुरतात, ती बाळगायला हा संयम लागतो, आणि तो ज्याच्याकडं नाही त्यानं परवाना मिळत असला तरी रानात जाऊ नये.